हाकेच्या अंतरावर

सप्टेंबर लागला की एखाद्या रविवारी सकाळी आमच्या दारात पुण्याची नाहीतर मुंबईची गाडी थांबते. नात्यातलंच कुणीतरी कासला निघालेलं असतं. पोहे होतात, चहा होतो आणि पायात बूट अडकवता अडकवता ठरलेला प्रश्न येतो, "तू नाही येत? हल्ली फोटो काढतेस म्हणे!"

साताऱ्याहून कासचं पठार २५ किलोमीटर. यवतेश्वराचा घाट चढून गेलं की त्या दिवसांत वर तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग एकमेकांत सांडलेला असतो. लोक लांबून लांबून येतात, आधी बुकिंग करून येतात. मी या गावात ३१ वर्षं राहते आणि गेल्या चार वर्षांत एकदाही वर गेलेले नाही. "बघू पुढच्या खेपेला," असं मी म्हणते. विचारणाऱ्याची नजर माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे जाते आणि तो पुढे काही बोलत नाही.

आतल्या खोलीत सासूबाई असतात. वय ८४. खुब्याचं हाड मोडून जोडलेलं, दोन्ही डोळ्यांच्या मधली नजर गेलेली. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणजे दार दिसतं, दारात उभं राहिलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. त्यांना एकटीला सोडून वाण्यापर्यंत जायचं तरी शेजारणीला बसवून जावं लागतं. यजमान नोकरीवरून सातला येतात. राहता राहिलं परसू. लिंबापर्यंत सासूबाईंची हाक ऐकू येते. कर्दळीपर्यंत येते, पण गॅसवर कुकर असेल तर येत नाही. अळू लावलंय त्या मोरीच्या कोपऱ्यात मुळीच येत नाही. हे सगळं मी मोजून घेतलेलं आहे. लांबी चौदा पावलं, रुंदी नऊ. माझं रान ते एवढंच.

एक मात्र आहे. आमच्या भागात नळाला कासच्या तलावाचं पाणी येतं आणि झाडांना मी तेच घालते. म्हणजे पठार आमच्याकडे रोज येऊन जातं म्हणायचं, टाकी भरेस्तोवर.

कॅमेरा आला तो भाच्याचा. त्यानं नवा घेतला आणि जुना, "मावशी, तुझा वेळ जाईल," म्हणून टेबलावर ठेवून गेला. वेळ जाईल! वेळ नाही म्हणून तर सगळं अडलंय, हे त्याला सांगत बसले नाही. कॅमेऱ्याची मला तशी भीती नव्हती. लहानपणी घरी आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोळात बारा फोटो. वडील आम्हां भावंडांना उन्हाकडे तोंड करून उभं करायचे, आम्ही डोळे किलकिले करायचो आणि त्या बारांतले दोन-तीन तरी रोळ संपवायचा म्हणून काढलेले असायचे. तरीसुद्धा गुलबक्षीच्या फुलावर एक फोटो खर्च करावा, असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. फोटो माणसांचे काढायचे, तेही न्हाऊनमाखून तयार झालेल्या.

पहिले काही महिने मी जे काढलं ते कॅलेंडर होतं. बरोब्बर मधोमध गुलाब. बरोब्बर मधोमध जास्वंद. फुलाचा फोटो वाईट येतच नाही, हीच त्यातली अडचण. फूल आपलं आपण सुंदर असतं, आपण नुसतं बटण दाबायचं. लोक "वा" म्हणतात ते फुलाला म्हणतात, पण पुष्कळ दिवस ते आपल्यालाच वाटत राहतं.

मग भाच्यानंच तीन पोकळ नळ्या पाठवल्या. एक्सटेन्शन ट्यूब म्हणतात त्यांना. आत काच नाही, काही नाही, नुसती कडी. १२, २० आणि ३६ मिलिमीटरची. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये त्या बसवायच्या. लेन्स कॅमेऱ्यापासून जितकी लांब सरकते, तितकं तिला जवळचं दिसायला लागतं. माझ्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला तिन्ही नळ्या जोडल्या की मुंगी आहे त्यापेक्षा मोठी होऊन आतल्या सेन्सरवर पडते. पण त्याची किंमतही तेवढीच. लिंबाचं झाड दिसेनासं होतं, भिंत दिसेनाशी होते, आकाश तर नाहीच. लेन्सच्या तोंडापासून तीन-चार बोटांवर जे आहे तेवढंच, बाकी सगळं दूध. आणि त्या चार बोटांवरही स्पष्ट दिसणारी पट्टी एक मिलिमीटरचीसुद्धा नसते. माशीचा डोळा धरला तर तिचे पंख विरघळतात. फोकसचं कडं फिरवून काही उपयोग नाही. आपणच केसभर पुढे, केसभर मागे झुलायचं. श्वास सोडला की गेलं. वारा आला की गेलं. पहिल्या दिवशी दीड तासात २१४ फोटो काढले, त्यांत काळ्या मुंगीची एक मिशी सापडली. मुंगी नाही, मिशीच.

या छंदात वारा हा खरा वैरी. आपल्याला पंख्याची झुळूक वाटावी असा वारा अबोलीच्या देठाला वादळ असतो. म्हणून सकाळी सहाला उठायचं. तेव्हा वारा पडलेला असतो, उजेड मऊ असतो आणि महत्त्वाचं म्हणजे किडे गारठलेले असतात. ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्यांचं यंत्र सुरू होत नाही. तोवर ते काढू देतात हवा तेवढा फोटो. सासूबाईही सातपर्यंत उठत नाहीत.

अशाच एका सकाळी तुळशीच्या वाळलेल्या मंजिरीवर मला पाच बारीक माश्या दिसल्या. काळ्या पोटावर निळसर चमकदार पट्टे. माश्या नाहीत, मधमाशीच्याच गोतातल्या. पण बसलेल्या नव्हत्या. पाय सोडलेले, नुसत्या जबड्यानं काडी चावून धरलेली आणि बाकी सगळं अंग हवेत आडवं. मेल्यात असं वाटलं. ऊन आलं, एकीचं पोट धडधडायला लागलं, तिनं मिश्या पुसल्या आणि उडाली. मागून दुसरी. नंतर कळलं की या नर माश्यांना घर नसतं. मादी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते, नर संध्याकाळी एखाद्या काडीवर असे दातांनी लटकून झोपतात आणि बऱ्याचदा रोज त्याच काडीवर परत येतात. त्या दिवसापासून तुळशीची ती वाळकी मंजिरी मी काढू दिली नाही. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या पाहिजेत, नाहीतर तुळस वाळते, असं सासूबाईंचं म्हणणं आणि ते खरंच आहे. तुळस वाळली. शेजारी दुसरी लावली.

इथून माझी बाग बिघडायला लागली.

बाग माझी नाहीच मुळी, ती सासूबाईंची. लिंबू त्यांनी लावलेलं, कढीपत्ता त्यांनी, पारिजातक त्यांच्या माहेराहून आलेला. तंबाखूचं पाणी, साबणाचं पाणी, राख अशी त्यांची औषधं ठरलेली. पान कुरतडलेलं दिसलं की त्या दिवशी फवारणी. डोळे जाईपर्यंत पाचोळ्याचं एक पान त्यांनी जमिनीवर राहू दिलं नाही. आता फवारायचं काम माझ्याकडे आलेलं आणि मी फवारत नव्हते. गुलाबाच्या पानांच्या कडेला कुणी पंचिंग मशीननं पाडावीत तशी गोल गोल भोकं पडली होती. पूर्वी मी त्याला कीड म्हटलं असतं. आता मी तिथं स्टुलावर बसून राहिले. पान कापणारी मधमाशी आली, पानाच्या काठावर बसली, स्वतःच्याच भोवती कात्री फिरवावी तशी गोल फिरली आणि तुकडा पायांत धरून, तो पडायच्या आत उडाली. बिळात त्या तुकड्यांची चंची करून ती त्यात अंडं घालते. सगळा प्रकार मिनिटभरातसुद्धा आटोपतो. माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे. त्यात पान स्पष्ट आहे, माशी पुसट आहे. तरी मला तो आवडतो.

फोटोसाठी किड्याला फ्रिजमध्ये ठेवतात, दव दिसावं म्हणून फुलावर ग्लिसरीन शिंपडतात, हेही मला याच काळात कळलं. दवाचं मी करून पाहिलंय, उगाच खोटं कशाला सांगू! इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा फवारा अळवावर मारला. अळवाच्या पानावर पाण्याचे मोती होतात ते त्याच्या मेणचट, बारीक उंचवट्यांमुळे. पाण्याला तिथं पसरता येत नाही, म्हणून ते गोळा होतं. फोटो झकास आला आणि मला तो आजतागायत बघवत नाही. खरं दव पानाच्या टोकाशी आणि कडांना जास्त असतं. माझं सगळीकडे सारखं होतं, जिलबीवर पाक असावा तसं.

अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅम नावाची एक फोटोग्राफर होऊन गेली. सिॲटलमध्ये तिचा स्वतःचा पोर्ट्रेट स्टुडिओ होता, नाव झालेलं होतं. १९१७ मध्ये ती कॅलिफोर्नियात आली तेव्हा पदरात एक लहान मुलगा होता आणि त्याच वर्षी जुळे झाले. तीन लहान मुलं घेऊन स्टुडिओ कसा चालवणार? मग ती मुलांवर एक डोळा ठेवून घरच्या बागेतलीच झाडं टिपायला लागली. १९२५ च्या सुमाराचा तिचा मॅग्नोलियाचा फोटो जगप्रसिद्ध आहे. अख्खी चौकट भरून एकच फूल, आत उभा राहिलेला तो केसरांचा मनोरा, काळ्यापांढऱ्यात. तो पाहताना तिच्या प्रतिभेबद्दल मला काही विशेष म्हणायचं नसतं, ते जाणकार म्हणतातच. माझ्या डोक्यात वेगळंच येतं. चौकटीच्या बाहेर, उजव्या हाताला, त्या वेळी तीन पोरं काय करत असतील? एखादं रडायला लागलं असेल का? की तेवढ्यासाठीच तिनं एवढं जवळून काढलं?

आषाढात लिंबाला कोवळी पालवी फुटली आणि लिंबावरचं फुलपाखरू चकरा मारायला लागलं. काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाशी विटकरी डाग. शेंड्याच्या पानाला पोट टेकवायचं, एक अंडं चिकटवायचं, पुढच्या पानावर जायचं. अंडं मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर. तीन-चार दिवसांत त्यातून जी अळी निघते ती हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. शीट कोण खाईल? कात टाकत टाकत ती मोठी होते आणि शेवटच्या कातीनंतर एकदम हिरवी, गुळगुळीत, लिंबाच्या पानासारखीच. पंधरा दिवसांत माझ्या लिंबावर अशा अकरा झाल्या. शेंडे खराट्यासारखे दिसायला लागले. सासूबाईंना ते दिसत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. घरात चोरून मांजर पाळावं तसं चाललं होतं माझं.

एक दिवस फोटो काढता काढता लेन्सचं तोंड एका मोठ्या अळीला लागलं. तिनं मान मागे टाकली आणि डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली, ओली, साप जीभ काढतो तशी. बोटांना उग्र, आंबुस वास लागला. तेवढ्यात हाक आली. मी तशीच आत गेले, सासूबाईंना हाताला धरून उठवलं. त्यांनी माझा हात नाकाशी नेला.

"लिंबाला अळी आहे," त्या म्हणाल्या.

"आहे एखादी."

"एखादीचा वास नव्हे हा. किती आहेत?"

मी खरं ते सांगितलं. साठ वर्षं ज्यांनी त्या अळ्या नखांनी चिरडल्या, त्या बाईला तो वास माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा असणारच. वाटलं, आता फवारणी. पण त्या संडासात जाऊन आल्या, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "शिंगं काढते ना ती? मी लहान असताना आम्ही काडीनं डिवचायचो तिला." एवढंच. लोणच्याचा विषय दोन दिवसांनी निघाला, तो वेगळा.

अकरांतल्या तीन बुलबुलानं नेल्या, चार कुठं गेल्या कळलं नाही. उरलेल्या चारांनी फांदीशी रेशमाचा पट्टा बांधून कोष केले. लाइनमन खांबाला पट्टा लावून मागे रेलतो, तसे. दोन उंच होते. मी खालचा एक धरला. साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आदल्या दिवशी कोष काळसर होतो आणि आतले पंखावरचे ठिपके कवचातून दिसायला लागतात. ते दिसले त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे साडेपाचलाच स्टूल मांडलं. कॅमेरा तिपाईवर, नळ्या लावलेल्या, छोट्या फ्लॅशवर श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण कापून बसवलेलं. त्यानं उजेड मऊ पडतो. फोकस आधीच धरून ठेवलेला. सव्वासहा. साडेसहा. कोषाला बारीक चीर गेल्यासारखी वाटली.

"अगं!"

मी उठले. न उठून कसं चालेल? रात्री त्यांचं पोट बिघडलेलं होतं, चादर बदलायला लागली, गाऊन बदलायला लागला. सगळं मिळून वीस-एक मिनिटं. परत आले तेव्हा रिकामं कवच होतं आणि त्याला धरून फुलपाखरू लटकलं होतं. चुरगळलेले पंख निम्मे उलगडून झालेले, पोटाच्या टोकाशी एक ओला थेंब. त्याचे मी फोटो काढले, चांगले आले. पण उलगडायची ती घटका गेली ती गेलीच. आत जाऊन मी भांडी जरा जोरात घासली. भांड्यांचा आवाज घरात सगळ्यांना कळतो. दिसत नसलेल्यांना आधी कळतो.

"काय बिनसलं?"

"काही नाही."

"फुलपाखरू उडालं?"

"निघालं. मी इथं होते तेव्हा."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तर मला बाहेर नेऊन बसवायचंस. हाक कशाला मारायला लागली असती मग?" हे मला दोन वर्षांत कसं सुचलं नव्हतं, याचं उत्तर मला सापडत नाही. म्हणजे सापडतं. ते चौदा पावलांचं रान मला एकटीला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हातांची खुर्ची लिंबाखाली गेली. पायाखाली पाट, अंगावर शाल. सासूबाई लिंबाचं पान चुरगळून हुंगत बसायच्या आणि तोंडानं माझी बाग तपासायच्या. "पारिजातक पडलाय, पायाखाली येतोय." "तुळशीला पाणी घातलंस का, माती कोरडी वास मारतेय." मी फोटो काढताना श्वास धरते हे त्यांना कळायचं आणि तेव्हा त्या गप्प राहायच्या. बटणाचा आवाज आला की पुन्हा सुरू. यजमानांनी टीव्हीला कॅमेरा जोडून दिला होता. संध्याकाळी टीव्हीला नाक लावून, मान तिरकी करून, उरलेल्या कडेच्या नजरेनं त्या फोटो बघायच्या. अळीचा डोळा टीव्हीवर ताटलीएवढा. तो त्यांना दिसला. निदान काहीतरी गोल दिसलं. आणि शेजारचं पान बघून त्या म्हणाल्या, "पानावर जाळं धरलंय. लाल कोळी झालाय. हे नाही दिसलं तुला?" खरंच नव्हतं दिसलं.

चौथा कोष भिंतीलगतच्या काटक्यांत होता. दहा दिवस झाले, बारा झाले. तो काळा झालाच नाही, मातकट तपकिरी पडत गेला. मेला असावा असं धरून चालले होते. सोळाव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी आपापल्या जागी होतो. चहा करून आणलेला, कप खुर्चीच्या हातावर. मी सवयीनं कोषावर लेन्स लावली तर त्याच्या कुशीला टाचणीनं टोचावं एवढं भोक होतं आणि भोकातून एक डोकं बाहेर येत होतं. लाल डोळे, अंग तांब्याच्या भांड्याला हिरवा कस चढावा तसं चमकणारं. पूर्ण बाहेर आली तेव्हा ती साबुदाण्याएवढीही नव्हती. तिच्यामागून दुसरी.

फुलपाखराच्या कोषात वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीतल्या या चिमुकल्या माश्या. अळी कोष करायला बसली की मादी तिच्या अंगावरच येऊन थांबते आणि कोष ताजा, मऊ असतानाच त्यात अंडी घालते. रात्री जुने फोटो काढून बघितले. त्याच अळीच्या पाठीवर, एका फोटोत काळा ठिपका होता. दुसऱ्यातही होता, जरा सरकून. मी तो लेन्सवरचा कचरा समजले होते आणि ब्लोअरनं लेन्स साफ केली होती.

पण ते रात्रीचं. सकाळी त्या वेळी मी नुसती डोळा लावून बसले होते.

"निघालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"फुलपाखरू नाही आई. माश्या निघताहेत. बारीक हिरव्या."

"आतून?"

"आतून. त्यांनी खाल्लं त्याला."

"अरे देवा," त्या म्हणाल्या, पण आवाजात हळहळीपेक्षा कुतूहल जास्त होतं. "किती?"

"नऊ झाल्या. येतातच आहेत." मी श्वास धरला, बटण दाबलं, सोडला. "बारा. थांबा, तुमचा चहा गार होतोय, कप देते हातात."

"चहा राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "आधी मोजून घे."